जिना चढताना छाती आवळते

प्रश्न : माझे वय 58 आहे. जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबल्यावर पाच मिनिटांत बरे वाटते. ईसीजी निर्दोष आला आहे. मग हे पित्त समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला प्राणवायू अधिक लागतो, परंतु त्याला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाली असल्यास पुरवठा तेवढा वाढत नाही आणि छाती आवळते; यालाच अंजायना म्हणतात. विश्रांतीत काढलेला ईसीजी अशा रुग्णांमध्येही अनेकदा निर्दोष येतो (आणि तोच फसवा दिलासा ठरतो), म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडून पुढील तपासण्या लवकर करून घ्याव्यात. तंबाखूचे व्यसन असल्यास ते आजच सोडावे. मात्र बसल्या जागी दुखू लागले, किंवा विश्रांतीनंतरही दुखणे थांबले नाही, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी स्वतः वाहन न चालवता तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.