रंगेल नव्हे, मिरवणारा

टेरेल ओवेन्स या अमेरिकन फुटबॉलपटूवरच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'फ्लॅम्बॉयंट' आणि 'काँट्रोव्हर्शियल' या विशेषणांसाठी 'रंगेल' आणि 'वादग्रस्त' चालतील का?

'रंगेल' नको. रंगेल म्हटलं की आपल्या कानाला बाई-बाटली ऐकू येते. ओवेन्स गाजला तो मैदानावरच्या थाटामुळे. 'भपकेबाज' लग्नाला शोभतं. 'दिखाऊ' सगळ्यात जवळचा वाटतो आणि सगळ्यात घातकी तोच आहे, कारण दिखाऊ म्हणजे वरून चकचकीत, आतून पोकळ.

ऑक्टोबर 2002, सिअ‍ॅटल. ओवेन्सने टचडाउन केला (म्हणजे चेंडू हातात घेऊन समोरच्या संघाच्या गोलरेषेपार जाऊन गुण मिळवले), मोज्यात खोचलेलं मार्कर पेन काढलं, त्याच चेंडूवर सही केली आणि तो प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या आर्थिक सल्लागाराच्या हातात दिला. नाटक होतंच, पण आधी टचडाउन झाला होता! 2005च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, तर पाय मोडून जेमतेम सात आठवडे झालेले असताना तो उतरला आणि 9 झेल घेऊन संघाला 122 यार्ड पुढे नेलं. त्याचा संघ फिलाडेल्फिया हरला, पण याला दिखाऊ कसं म्हणणार?

म्हणून माझं मत 'मिरवणारा' या शब्दाला. दिखावा करायला जवळ काही असावं लागत नाही, मिरवायला मात्र लागतं. नथ मिरवतात, पदवी मिरवतात, पालखी मिरवत नेतात. ('फ्लॅम्बॉयंट' हा मूळ फ्रेंच शब्द ज्वाळांवरून आलेला आहे. इंग्रजीत आपल्या गुलमोहराचंही हे एक नाव आहे. वैशाखातला गुलमोहर कोणी दिखाऊ म्हणत नाही.)

आता 'वादग्रस्त'. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्ताने पूर आणलेला नसतो. ओवेन्सने मात्र वाद स्वतः ओढवून घेतले. 2000 साली डॅलसमध्ये टचडाउननंतर तो मैदानाच्या मधोमध, यजमान संघाचं बोधचिन्ह असलेल्या ताऱ्यावर जाऊन उभा राहिला, आणि एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी डॅलसच्या जॉर्ज टीगने त्याला तिथेच धडक देऊन पाडलं, आणि ओवेन्सच्या स्वतःच्या संघानेही त्याला आठवडाभर निलंबित केलं. 2005मध्ये कराराच्या भांडणातून फिलाडेल्फियाने सराव शिबिरातून घरी धाडलं, तर हा घरासमोर कॅमेऱ्यांपुढे व्यायाम करत बसला. अशा माणसाला 'वाद ओढवून घेणारा' म्हणा. चार अक्षरं जास्त लागली तरी लागू द्या.

फक्त एका जागी 'वादग्रस्त' राहू द्या. 153 टचडाउन झेल आणि 15,934 यार्ड नावावर असूनही हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या, निवडकर्त्यांनी त्याला दोनदा डावललं. तो वाद त्याच्यावर आला होता. 2018मध्ये निवड झाली तेव्हा तो हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कँटनच्या सोहळ्याला गेलाच नाही. ज्या चॅटनूगात तो कॉलेजात खेळला, तिथे जाऊन त्याने भाषण केलं, आणि हॉल ऑफ फेमचा सोनेरी कोट आपल्या माणसांत मिरवला.