बिनसाखरेचा चहा आणि कॅलरींचा हिशेब

प्रिय मित्रा,

चहातली साखर बंद करून महिना होत आला, वहीत तू चहासमोर रोज शून्य लिहितोस, आणि तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही, हे पत्रातून कळलं. तो चहा घशाखाली उतरत नाही म्हणून प्रत्येक कपाबरोबर दोन बिस्किटं लागतात, हेही तू लिहिलं आहेस. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. साखर काढलीस, पण चहा होता तसाच ठेवलास. आपल्याकडे घरोघरी होणारा चहा साखर पडणार असं धरूनच बेतलेला असतो: पूड जास्त, उकळी लांब, दूध दाट. त्यातून साखर गेली की बाकीची मापंही नव्याने बसवावी लागतात.

आधी वहीतलं शून्य खोडून टाक. साखरेच्या एका ग्रॅममधून साधारण 4 कॅलरी मिळतात. चमचा सपाट भरला तर त्यात 4 ते 5 ग्रॅम साखर असते, शीग लावून घेतला तर 6-7 ग्रॅमही जाते. तुझा चमचा किती घेतो हे कळायला दहा चमचे साखर वजनकाट्यावर ओत आणि दहाने भाग. एक चमचा मोजण्यात जी चूक होते ती अशी पुसली जाते. कपाला दोन चमचे म्हणजे 10 ग्रॅम धरले, तर दिवसाच्या तीन कपांतून तू 30 ग्रॅम साखर, म्हणजे 120 कॅलरी काढल्यास. हे चांगलंच झालं. जागतिक आरोग्य संघटना 2000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते आणि जमलं तर 25 च्या आत. तुझ्या नुसत्या चहातच 30 ग्रॅम जात होती.

आता बिस्किटं मांड. साधं ग्लुकोज बिस्किट पाच ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण 450 कॅलरी असतात. म्हणजे एकाला 22 ते 25. दिवसाची सहा बिस्किटं धर, 135 ते 150 झाल्या. साखरेतून वाचवलेलं सगळं तिथे गेलं, वर थोडं जास्तच. खारी, बटर आणि टोस्ट यांचंही असंच होतं, खारीत तर तूप-तेलच जास्त. मूठभर चिवडा सव्वाशेच्या घरात जातो. चहाबरोबर काही लागतच असेल तर वीसेक ग्रॅम फुटाणे घे. त्यांच्या 75 कॅलरी होतात, पण भूक तरी भागते. त्या वहीत लिहायच्या मात्र.

यापुढचा खर्च दुधाचा, आणि तोच बहुतेक जण लिहीत नाहीत. दुधाच्या पिशवीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांचे टक्के छापलेले असतात. फॅटच्या आकड्याला 9 ने गुण. एसएनएफमधून 0.7 वजा कर (ते क्षार, त्यांत कॅलरी नसतात) आणि उरलेल्याला 4 ने गुण. दोन्हींची बेरीज म्हणजे 100 मिली दुधातल्या कॅलरी, वहीपुरत्या पुरेशा अचूक. टोन्ड दुधात फॅट 3 आणि एसएनएफ 8.5, म्हणून 58. डबल टोन्ड 1.5 आणि 9, म्हणून 47. फुल क्रीम 6 आणि 9, म्हणून 87. गाईचं म्हणून मिळणारं साडेतीन टक्के फॅटचं दूध 62-63 वर येतं. सायीवरून अंदाज बांधू नकोस. होमोजिनाइज्ड, म्हणजे फॅटचे कण बारीक फोडून मिसळलेल्या, दुधावर साय कमीच धरते, फॅट मात्र आतच असतं.

दीडशे मिलीच्या कपात निम्मं फुल क्रीम दूध आणि दोन चमचे साखर असेल तर 65 अधिक 40, म्हणजे 105 कॅलरी. यातली साखर काढलीस तरी 65 उरतात. तुझ्या शून्याच्या जागी हा आकडा हवा होता. शिवाय साखर गेली की चहा पातळ वाटतो म्हणून हात आपसूक दुधाकडे वळतो, आणि 75 मिलीचे 100 कधी झाले ते कळत नाही. मोबाइलमधल्या यादीत ‘चहा, 1 कप’ समोर जो आकडा असतो तो कुणाच्या कपाचा हे तुला ठाऊक नसतं. स्वतःचा चहा एकदा मोजून कर आणि तोच आकडा कायम लिही.

चहा कडू का लागतो, ते समजून घेतलंस तर पुढची मापं पटतील. आपण जी दाणेदार पूड वापरतो ती सीटीसी पद्धतीची. ही पद्धत 1930 च्या दशकात आसामात आली. पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्याचे दाणे वळतात. त्यामुळे रंग आणि कडकपणा दोन-तीन मिनिटांत उतरतो, आणि त्यापुढे उकळत ठेवलं की तुरट-कडू भाग येतच राहतो. गोडवा जिभेवरचा कडवटपणा दाबतो, म्हणून साखरेच्या चहात आठ-दहा मिनिटं उकळलेलंही खपून जातं. तुरटपणाचं काम निराळं आहे. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि तोंड कोरडं ओढल्यासारखं होतं. दुधातली प्रथिनं त्याच द्रव्यांना आधीच धरून ठेवतात. म्हणून साखर आणि दूध एकाच आठवड्यात काढायला जाऊ नकोस. आधी साखर जाऊ दे, ती अंगवळणी पडली की मग दूध कमी कर.

एका कपासाठी असं करून बघ. पाणी 120 मिली. बोअरचं जड पाणी असेल तर फिल्टरचं घे, कारण जड पाण्यातले क्षार चहावर तवंग आणतात, रंग मळकट करतात आणि चव बोथट होते. पाण्यात अर्ध्या पेराएवढं ठेचलेलं आलं टाकून दोन मिनिटं चांगलं उकळ. आलं नेहमी पाण्यातच उकळावं. कच्च्या आल्यात प्रथिनं फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते दुधात गेलं तर चहा फाटतो, आणि पाण्याच्या उकळीत ते निकामी होतं. मग सपाट चमचाभर पूड, साधारण 2 ग्रॅम. आच बारीक करून एक मिनिट, नंतर गॅस बंद करून दोन मिनिटं झाकण. शेजारी 50 मिली टोन्ड दूध कडकडीत तापवून त्यात घाल, एक उकळी आण आणि लगेच गाळ. गाळण्यातला चोथा दाबून पिळू नकोस, शेवटचे ते थेंब सगळ्यात कडू असतात. या कपात 30 कॅलरी आहेत. मघाच्या 105 शी ताडून बघ.

रंग फिका आला तर उकळी वाढवायची नाही, पूड अर्धा ग्रॅम वाढवायची. चहा पारखणाऱ्यांच्या आयएसओ 3103 या मानकातसुद्धा 100 मिलीला 2 ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं असंच माप आहे, आणि त्यात पानं उकळत नाहीत, उकळतं पाणी ओतून मुरवतात. कडकपणा पुडीच्या मापातून आणायचा, हे त्यातून उचल. गाळून झालेल्या चोथ्यात नवी पूड घालून दुसरा चहा करायची सवय असेल तर ती सोड. साखरेविना ती पहिल्या घोटाला पकडली जाते.

वासाने बरंच काम होतं. एक वेलदोडा ठेचून शेवटच्या मिनिटाला घाल, आधी टाकलास तर वास वाफेबरोबर निघून जातो. गवती चहाची दोन पाती पाण्याबरोबरच उकळायला घाल. दालचिनीचा छोटा तुकडा किंवा चिमूटभर बडीशेप गोडीचा भास देते आणि कॅलरी मोजण्याइतक्या येत नाहीत. चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं मीठ घातलं तर कडवटपणा खरोखर कमी होतो, पण रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल तर हा मार्ग नको. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून रोज घालू नकोस. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं.

गुळाच्या चहाबद्दल तू विचारलं आहेस. गूळ चवीला उत्तम, पण 100 ग्रॅमला साखरेच्या जवळपास तेवढ्याच, 380 च्या आसपास कॅलरी. मधात पाण्याचा अंश असल्यामुळे तो 300 च्या थोडा वर. हिशेबात दोन्ही साखरेच्याच रकान्यात जातात. शुगरफ्रीच्या गोळ्यांना कॅलरी जवळपास नसतात, पण मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीचा आधार घेऊ नये अशी शिफारस केली. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. माझं मत असं, की गोळीने जिभेची गोडाची अपेक्षा जशीच्या तशी राहते आणि तुला तीच खाली आणायची आहे. पहिले काही दिवस घ्यायचीच असेल तर कपात घाल, पातेल्यात नको. काही गोळ्यांतलं गोड द्रव्य अ‍ॅस्पार्टेम उकळीत टिकत नाही.

साखर एकदम सोडावी की हळूहळू? दोन्ही जमतं. तू एकदम सोडलीस आणि चहा घशाखाली उतरत नाही, तर मागे यायला काही हरकत नाही. कपाला 5 ग्रॅमवर ये, आठवड्याने अडीच, त्याच्या पुढच्या आठवड्यात शून्य. मात्र हा उतार वजनकाट्यावर मोजून कर, ‘जरा कमी’ असं म्हणून नाही. तुमच्या खोलीवर चौघांचा चहा एकाच पातेल्यात होतो, तेव्हा पातेलं बिनसाखरेचं ठेवा आणि साखर ज्याची त्याने वरून घ्यावी. त्यांनाही नकळत कमी लागेल.

बाहेरचा चहा हा वेगळा प्रश्न आहे. अमृततुल्यमध्ये साखर आधीच पातेल्यात पडलेली असते, तिथे ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणून वेगळा चहा क्वचितच मिळतो. कटिंगला 60 कॅलरी धर आणि लिहून टाक, किंवा कोरा चहा माग. त्यातही साखर नको हे आधी सांग. ऑफिसातल्या मशीनच्या प्रीमिक्सचं पाकीट एकदा वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, साखर पहिली-दुसरी दिसली की कळलं. डेअरी व्हाइटनरमध्येही बहुतेकदा साखर असते. तिथे डिपची पुडी, गरम पाणी आणि घरून आणलेलं दूध हा सोपा मार्ग. लिंबू पिळायचं असेल तर दूध नको, फाटेल. दुधाशिवाय प्यायचा तर सीटीसीऐवजी दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पानाचा चहा आण, उकळी बसलेल्या पाण्यात तीन मिनिटं मुरव. त्याच्या कपाला एक-दोन कॅलरी, तिथे शून्य लिहिलंस तरी चालेल.

कुणाकडे गेलास तर आधण ठेवायच्या आधीच सांग. चहा समोर आल्यावर सांगितलंस की घरची बाई पुन्हा पातेलं चढवते आणि तुला अवघडल्यासारखं होतं. ‘एवढ्या लहान वयात शुगर झाली?’ असं कुणीतरी विचारणारच. ‘नाही, सवय लावतोय’ एवढं पुरे.

दोन गोष्टी जपून. चहाने भूक मरते म्हणून नाश्ता किंवा जेवण चहावर भागवू नकोस. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक सूचनांमध्ये जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. कॅफीनची मर्यादाही त्यात दिवसाला 300 मिलिग्रॅम दिली आहे. दीडशे मिली चहात 30 ते 65 मिलिग्रॅम असतं, तेव्हा कप मोज आणि शेवटचा कप संध्याकाळच्या आत संपव. दुसरी गोष्ट तुझ्या वडिलांसाठी, कारण तेही तुझ्याबरोबर साखर सोडणार आहेत आणि ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर त्या वेळी 15 ग्रॅम खरी साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तिथे शुगरफ्रीचा काही उपयोग नाही. घरात साखरेचा डबा राहू द्या.

काट्याबद्दल. दिवसाला 120 कॅलरी खरोखर वाचल्या तरी महिन्याच्या 3600 होतात. किलोभर चरबीला 7700 हा ढोबळ आकडा धरला तर कागदावरही अर्धा किलो भरत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच उतरतं. पाणी आणि मीठ यांमुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं, त्यात हा फरक लपून जातो. म्हणून सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी वजन कर आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघ.

या रविवारी तुझा नेहमीचा कप मापून बघ. पाणी किती, दूध किती, पिशवीवर फॅट आणि एसएनएफ किती, हे चार आकडे लिहून पाठव. सोबत त्या आठवड्यातली बिस्किटंही मोजून लिही.

तुझा,
एक हितचिंतक