‘फंक्शनल बदल नाही’ म्हणणारा पॅच

रत्नागिरी, आषाढ

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या यंत्रणेच्या गाभ्याच्या, एका ड्रायव्हरमधल्या (उपकरण चालवणाऱ्या कोडमधल्या) साफसफाईचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, तुझ्याकडे तपासायला आलाय आणि ‘यात बघायचं काय?’ असं तू विचारलंस. पुष्कळ आहे. नवं काही घालणारा पॅच आला की चार जण त्यावर तुटून पडतात. ‘फंक्शनल बदल नाही’, म्हणजे कोडचं वागणं तेच राहील, असं लिहून आलेला मात्र सगळे वरवर चाळतात. मृगाआधी कौलं परतली की घर खालून होतं तसंच दिसतं. एखादं तिरकं बसलंय हे पाऊस लागल्यावरच कळतं. इथे तर गळती आपल्या घरात होतच नाही, कुणा परक्याच्या मशीनवर होते. तुमच्या बंदरावरच्या तांडेलाच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा याच कर्नलवर चालतो.

तुझ्याकडच्या पॅचमध्ये मजकूर कॉपी करणारं स्ट्रएनकॉपी हे फंक्शन काढून स्ट्रएसकॉपी घातलंय. बदल योग्य दिशेचाच आहे. स्ट्रएनकॉपीत नाव बफरएवढं (त्यासाठी राखलेल्या जागेएवढं) किंवा त्याहून मोठं असेल तर मजकूर संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य पडतच नाही. स्ट्रएसकॉपी ते नेमाने घालतं. पण जुन्या फंक्शनची आणखी एक सवय होती, ती विसरू नकोस: उरलेली सगळी जागा ते शून्यांनी भरायचं. समज, 16 बाइटची जागा आहे आणि नाव 4 अक्षरांचं. आधी उरलेल्या 12 बाइटमध्ये शून्यं असायची. आता शेवटचं एक शून्य धरून 5 बाइट लिहिले जातील आणि 11 बाइट होते तसेच राहतील. ही जागा ज्या स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) आहे ते स्टॅकवरचं, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतलं असेल, आधी पुसलेलं नसेल आणि पुढे जसंच्या तसं युजरस्पेसला, म्हणजे साध्या प्रोग्रामांकडे, जात असेल, तर त्या 11 बाइटमधून कर्नलच्या मेमरीतलं काहीबाही बाहेर पडेल. तिथे उरलेली जागाही शून्यांनी भरणारं स्ट्रएसकॉपी-पॅड हवं. पॅचमध्ये दिसतात त्या ओळी वाचून हे कधीच कळणार नाही. पूर्ण फाइल उघड, ते स्ट्रक्चर जन्मतं कुठे आणि जातं कुठे ते शोध.

‘इंट’चं ‘अनसाइन्ड इंट’ (ऋण आकडा न धरणारा प्रकार) केलेलं दिसलं की थांब. त्यात एरर कोड येत असेल, आणि तो ऋण असतो, तर ‘शून्यापेक्षा कमी’ ही तपासणी कधीच खरी ठरणार नाही.

पॅचचा दुसरा भाग मला जास्त खटकला. इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) मागणी डेव्हएम प्रकारच्या, म्हणजे घेतलेलं आपोआप सोडणाऱ्या, फंक्शनवर नेली आणि रिमूव्हमधलं (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमधलं) फ्री करणं काढून टाकलं. कोड आठ-दहा ओळींनी आटोपशीर झाला, छान दिसतो. पण आधी इंटरप्ट सुटायचा आणि मग हार्डवेअरला ठेका देणारा क्लॉक बंद व्हायचा. आता क्लॉक रिमूव्हमध्ये बंद होतो आणि इंटरप्ट सुटतो रिमूव्ह संपल्यावर. त्या मधल्या फटीत इंटरप्ट आला तर त्याला उत्तर देणारा हँडलर क्लॉक नसलेल्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जाईल. काही चिपवर तेवढ्याने अख्खं मशीन अडकतं. हे पाठवणाऱ्याला विचार. सरळ, नम्रपणे, ओळ दाखवून विचार. तो बहुधा नवखा आहे, आणि त्याने तास न् तास घातलेत.

आता हत्यारं. मालवणात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा अख्खं कर्नल बिल्ड करत बसू नकोस. बिल्ड करणाऱ्या मेकला त्या एकाच ऑब्जेक्ट फाइलचं नाव दे, मिनिटाचं काम. नुसती नावं किंवा मोकळ्या जागा बदलल्या असतील तर पॅचआधीचं आणि नंतरचं ऑब्जेक्ट ऑब्जडंपने यंत्रसूचनांत उलगडून ताडून बघ. सूचना सारख्याच निघायला हव्यात. फरक निघाला तर त्याचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस. कोड इकडून तिकडे हलवला असेल तर गिट डिफला हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायला सांग. हलवता हलवता बदललेली ओळ लगेच उठून दिसते.

कोडची मांडणी तपासणारं चेकपॅच कुरकुरतं एवढ्यावरून जुना, चालता कोड हलवू नये असं माझं ठाम मत आहे. 2020 साली चेकपॅचनेच ओळीची इशाऱ्याची मर्यादा 80 वरून 100 अक्षरांवर नेली. त्याआधी निव्वळ त्या आकड्यापायी तोडलेल्या कितीतरी ओळी आज वाचायला अवघड झाल्यात. शिवाय अशा पॅचमुळे जुन्या स्टेबल आवृत्त्यांत दुरुस्त्या नेताना अडथळे येतात. सरावासाठी कर्नलमधला कच्च्या ड्रायव्हरांचा स्टेजिंग विभाग आहेच.

तुझ्याकडच्या पॅचमध्ये तीन वेगळी कामं एकत्र आहेत. तीन पॅच करून मागव. पुढे बिघाड कुठल्या पॅचने आला हे शोधत कुणी बायसेक्ट करत आला तर त्याला नेमका गुन्हेगार सापडला पाहिजे. नवी आवृत्ती आली की गिटचं रेंज-डिफ लावून दोन्हींतला फरक बघ, आणि इंटरप्टच्या प्रश्नाचं उत्तर पटेपर्यंत त्या पॅचवर तुझी ‘रिव्ह्यूड-बाय’ ही ओळ देऊ नकोस. ती ओळ म्हणजे बिनचूकपणाची हमी नव्हे, पण मी हे नीट तपासलंय आणि माझ्या शंका फिटल्यात, असं तू स्वतःच्या नावाने सांगतेस. बाकीचे दोन पटले तर त्यांवर लगेच द्यायला हरकत नाही.

कळावे,
तुझा काका