फट भरली, पण रंग धरेना

प्रश्न : रंगकाम चालू असताना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची चौकट आणि भिंत यांमधली फट कारागिराने आतून पांढऱ्या सिलिकॉनने भरली. त्यावर इमल्शनचे तीन हात झाले. रंग थेंबाथेंबाने गोळा होतो आणि जिथे बसलाय तिथून नखाने सालीसारखा निघतो. वरून ऑईल पेंट मारला तर चालेल का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा सिलिकॉनवर कुठलाच रंग ठरत नाही. ऑईल पेंटही जागोजागी फाटतो, आणि जो सुकतो तो पापुद्र्यासारखा सुटतो. प्राइमर मारून बघा असा सल्ला काही जण देतात. पण खालचं रबर ताणलं गेलं की वरचा कडक प्राइमर तडकतो, आणि रंग त्याच्यासकट गळून पडतो. चौथा हात मारू नका. सिलिकॉन काढावंच लागेल.

कटरला नवं पातं लावा. एक काप चौकटीलगत, दुसरा भिंतीलगत, दोन्ही आत तिरके द्या. मग पट्टीचं टोक पकडून सावकाश ओढा. बरीचशी पट्टी अखंड निघते. उरलेला थर चौकटीवरून प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढा, लोखंडी पत्र्याने पावडर कोटिंगवर, म्हणजे चौकटीला कारखान्यात चढवलेल्या रंगावर, ओरखडे पडतात. भिंतीच्या बाजूने मात्र पत्राच वापरा आणि खालची पुट्टी स्वच्छ दिसेपर्यंत खरवडा. घट्ट झालेलं सिलिकॉन थिनरने किंवा टर्पेंटाइनने विरघळत नाही, उलट थिनरने पावडर कोटिंग खराब होण्याची भीती. काही उरलं तर सिलिकॉन रिमूव्हर मिळतो, तो लावा. पॉलिश पेपर अगदी शेवटी. आधीच घासलं तर सिलिकॉनचा अंश भिंतभर पसरतो आणि मग तिथेही रंग फाटतो.

त्यानंतर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बोटाने पाणी लावून बघा. पाणी सपाट पसरलं तर काम झालं. थेंब गोल उभे राहिले तर सिलिकॉन अजून आहे, आणि अशा जागी नवं सीलंटही, म्हणजे फट बुजवायचा लवचीक मसालाही, चिकटणार नाही. स्वच्छ झालेल्या कडेला पुट्टी, १२० नंबरचा पॉलिश पेपर, प्राइमर आणि मग ॲक्रिलिक सीलंट, याच क्रमाने जा. सीलंट प्राइमरवर घालायचं असतं, कोरड्या पुट्टीवर नाही. पुट्टीची भुकटी सीलंटला धरू देत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर दुसरा मार्गही बरा आहे : बसलेला रंग खरवडून काढा, सिलिकॉनची कड कटरने सरळ करा, त्यावर मास्किंग टेप लावा आणि रंग टेपपर्यंतच आणा. पांढऱ्या चौकटीशेजारी पांढरी रेघ खटकत नाही. आणि हो, खिडकीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे पावसाचा मारा असतो, तिथे सिलिकॉनच योग्य. चूक सिलिकॉनची नव्हती, ते आत वापरण्याची होती.

प्रश्न : सागवानी दाराची चौकट आणि गिलावा यांमध्ये दरवर्षी भेग पडते. आधी व्हाइट सिमेंट भरलं, ते सुटलं. यंदा रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट भरलं, तरी दोन महिन्यांत वरच्या ऑईल पेंटला केसासारख्या रेघा पडल्या. (वाचक, चिपळूण)

उत्तर : व्हाइट सिमेंट सुटणारच होतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, भिंत मात्र जागची हलत नाही. या सांध्यात कडक वस्तू टिकत नाही, मग ती सिमेंट असो, पुट्टी असो वा लुकण.

ॲक्रिलिकची निवड बरोबर होती, गडबड रंगात आहे. सीलंट ताणतं, ऑईल पेंटची कडक साय ताणत नाही. ‘पेंटेबल’ याचा अर्थ एवढाच की रंग त्याला चिकटतो. रंगानेही त्याच्याबरोबर लांबावं ही हमी त्यात नसते. या सांध्यावर ॲक्रिलिक इमल्शनचे दोन पातळ हात द्या. चौकटीला ऑईल पेंट हवाच असेल तर तो लाकडाच्या कडेवर थांबवा, सीलंटवर नेऊ नका.

दुसरी शक्यता घाईची. ॲक्रिलिकमध्ये पाणी असतं, ते उडतं तसं सीलंट आकसतं. आकारमान पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटू शकतं. वर साय धरायला अर्धा तास पुरतो, पण आतला भाग ओलाच असतो. त्यावर लगेच रंग दिला तर खाली आकसणं चालूच राहतं आणि वरचा रंग सुरकुततो, मग चिरतो. ५ मिलिमीटरच्या सांध्याला कोरड्या हवेत किमान एक पूर्ण दिवस द्या. कोकणातल्या पावसाळी हवेत दोन-तीन दिवसही लागतात. सुकल्यावर मध्ये खळगा पडला असेल तर दुसरा पातळ थर भरा आणि पुन्हा तेवढंच थांबा.

तुमच्याकडे हे काम एप्रिल-मे महिन्यात करणं सगळ्यांत चांगलं. तेव्हा लाकूड आकसलेलं आणि फट सर्वांत रुंद असते. पुढे पावसाळ्यात सीलंट दाबलं जातं, ताणलं जात नाही. पावसाळ्यात मिटलेली फट भरली तर पुढच्या उन्हाळ्यात ते ओढून फाटतं.

फट ६ मिलिमीटरहून रुंद असेल तर आत फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा. तिची जाडी फटीहून सुमारे पाव पट जास्त घ्या : ८ मिलिमीटरच्या फटीला १० मिलिमीटरची. सीलंट वाचतं हा छोटा फायदा. मोठा फायदा असा, की सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटतं, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही, ते कडेने सुटतं.

प्रश्न : दुकानात सीलंटच्या चार प्रकारच्या नळ्या दाखवतात आणि सगळ्याच ‘ऑल पर्पज’ म्हणतात. कशी ओळखायची? किती लागतील? (वाचक, नाशिक)

उत्तर : पुढचं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘पाण्याने पुसता येते’ असं असेल तर ती ॲक्रिलिक, रंग धरणारी. ‘सिलिकॉनाइज्ड ॲक्रिलिक’ या नावाने दचकू नका, तीही मुळात ॲक्रिलिकच आणि तिच्यावरही रंग बसतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी म्हणजे ॲसेटिक सिलिकॉन. तिच्यावर रंग नाहीच, शिवाय लोखंडी ग्रिलला गंज चढवते आणि संगमरवराला डाग पाडते. वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन धातूला चालतं, पण रंग त्यावरही बसत नाही.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, बाहेरच्या भेगांसाठी : छज्जा, पॅरापेट, बाहेरच्या भिंतीचा सांधा. ते रंग धरतं आणि रंगवलेलंच बरं, कारण उघडं राहिलं तर उन्हाने पिवळं पडून वर तडे धरतं. एमएस पॉलिमर किंवा हायब्रिडही रंग धरतं, महाग असतं. त्यावर ऑईल पेंट कधी कधी आठवडाभर चिकट राहतो, तेव्हा पाण्यातला रंगच द्या, आणि आधी हातभर जागेवर मारून बघा.

हिशेब सोपा आहे. रुंदी गुणिले खोली, दोन्ही मिलिमीटरमध्ये : जो आकडा येईल तेवढे मिलिलिटर दर मीटरला. ५ बाय ५ ची फट म्हणजे मीटरला २५ मिलिलिटर; ३०० मिलिलिटरच्या नळीत १२ मीटर. वाया जाणारं धरून १० मीटरच माना. ४ फूट बाय ४ फूट खिडकीची आतली कड साधारण ५ मीटर भरते, म्हणजे दोन खिडक्यांना एक नळी. नोझल ४५ अंशांत आणि फटीहून किंचित लहान कापा. मोठं भोक कापलं की सगळं भिंतीवर पसरतं आणि ती पसरलेली कड रंगानंतरही तिरप्या उजेडात दिसते. ओल्या बोटाने एकदाच फिरवा, आणि कडांना मास्किंग टेप लावली असेल तर ती सीलंट ओलं असतानाच काढा.

प्रश्न : ओटा आणि टाइल्स यांमधली रेघ काळी पडली आहे. ती रंगवून झाकता येईल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नका झाकू. ती बुरशी आहे; रंगाखाली वाढतच राहते आणि रंगही सुटतो. ती रेघ पूर्ण कापून काढा, जागा एक दिवस कोरडी ठेवा आणि बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन भरा, टाइलच्या सांध्याला जुळणाऱ्या रंगाचं. ओटा संगमरवराचा असेल तर ‘नॅचरल स्टोनसाठी’ असं लिहिलेलंच घ्या, नाहीतर दगडाच्या कडेला तेलकट सावली उतरते आणि ती पुसून जात नाही. ॲक्रिलिक इथे नको. सतत ओल्या जागी ते मऊ पडून सुटतं. भरल्यावर २४ तास सिंकचा नळ बंद ठेवा.