विक्रीच्या आकड्याआधी खातं कुणाचं ते बघ

अगं, महिन्याला किती विक्री झाली की धंदा जमला म्हणायचं, असं तू विचारलंस. मी आधी दुसरंच विचारेन. स्टॉलवर लावलेल्या क्यूआर कोडचे पैसे कुणाच्या खात्यात जातात? बचत गटांच्या प्रदर्शनात मी हे नेहमी बघते: चकल्या तळते बाई आणि पैसे आल्याचा मेसेज वाजतो नवऱ्याच्या फोनवर. नवरा भला असेलही, पण मग नवा सोऱ्या घ्यायचा की मोटरसायकलचा हप्ता भरायचा, हे तोच ठरवतो. म्हणून धंद्याचं खातं तुझ्या एकटीच्या नावावर काढ. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, तीही तुझ्याच नावाने कर. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस.

भाव काढताना स्वतःची मजुरी धरच. भाजणी, तेल, गॅस, पिशवी एवढंच मोजलंस तर पहाटेपासूनचं राबणं फुकट गेलं. बहुतेक जणी इथेच मार खातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे पापड लाटणारी बहीण संस्थेची मालकीण असते. माझ्या लेखी यश ते. उलाढाल वाढेल तेव्हा वाढेल.

दिवाळीच्या ऑर्डरी घेण्याआधी मजुरी धरून किलोचा भाव काढ आणि मला पाठव. आपण दोघी मिळून बघू.