‘पुन्हा एकदा काढून दाखवा’ म्हणू नकोस

प्रिय मित्रा,

पत्रातून तुझी घालमेल कळली. मणी मातीतून निघाला तेव्हा कॅमेरा बंद होता, आणि आता दिग्दर्शकाला तो परत पुरून, काढतानाचं दृश्य हवं आहे. उत्खननाचे प्रमुख भिडेखातर तयारही होतील. तरी तू विचारू नकोस.

उत्खनन एकदाच होतं. वस्तू सुटी झाली की तिच्याभोवतीच्या मातीची बसण, तिच्याखालचा ठसा, तिचा कल, सगळं मोडतं. उरतं ते नोंदवहीत, आराखड्यात आणि फोटोंत. वर लोटलेली माती भुसभुशीत असते, जाणकाराला ती लगेच ओळखू येते. शिवाय तुझं फुटेज पुढे कुणी अभ्यासक पुरावा म्हणून पाहील. त्यात बनवलेला क्षण घुसवायचा? पुन्हा नाही म्हणजे नाही.

मग क्षण पकडायचा कसा, तर आधीपासून तयार राहून. बऱ्याच कॅमेऱ्यांत प्री-रेकॉर्डची सोय असते, म्हणजे बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही साठतात. ती सकाळीच चालू कर. चराच्या एका कोपऱ्यावर छोटा कॅमेरा दर 10 सेकंदांना एक फोटो घेत राहू दे. 8 तासांचे 2,880 फोटो होतात. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने जेमतेम 115 सेकंदांची फिल्म. पण दिवसभराचा क्रम हाती राहतो. खोदणाऱ्याच्या कॉलरला माइक लाव, त्यावर केसाळ वाराकवच चढव. ट्रॉवेलचा, म्हणजे खोदायच्या छोट्या थापीचा, आवाज बदलला की काहीतरी लागलंय हे हेडफोनमध्ये डोळ्यांआधी कळतं. एवढं करूनही हुकलं, तर मोकळी झालेली जागा, टोटल स्टेशनवर, म्हणजे जागेची अचूक मोजणी करणाऱ्या यंत्रावर, घेतलेलं माप, पिशवीवर लिहिला जाणारा क्रमांक हे चित्रित कर आणि निवेदनात सरळ सांग की कॅमेरा चालू नव्हता.

या हट्टापायी चांगली दृश्यं हातची गेली, संकलकांशी खटके उडाले. त्या दृश्यांची हळहळ मला आजही वाटते. तरीही माझंच बरोबर होतं असं मी म्हणेन, कारण जी दृश्यं उरली त्यांतल्या एकाबद्दलही मला खुलासा द्यावा लागत नाही.

ट्रायपॉड चराच्या काठावर उभा करू नकोस. काठ ढासळला की थरांचा उभा छेद गेला, आणि तोही पुन्हा मिळत नाही. मागे सरक, लांब लेन्स लाव. ल्युमिनेसन्स कालमापनासाठी माती घेतात तेव्हा तुझा दिवा बंदच हवा. क्वार्ट्‌झच्या कणांवर शेवटचा प्रकाश कधी पडला हे त्यातून मोजतात. अपारदर्शक नळी छेदात ठोकतात, बाहेर काढताच दोन्ही तोंडं बंद करतात. ‘जरा इकडे उजेडात धरा’ म्हणालास तर नमुना वाया. हाडांतून डीएनएसाठी नमुना घेताना मास्क, हातमोजे तुलाही लागतील. वाकून क्लोज-अप घेण्यापेक्षा 100 मिमी मॅक्रो लावून लांब थांब.

तिरप्या उन्हात थरांचा पोत उठून दिसतो, म्हणून तुला सकाळ-संध्याकाळ आवडेल. नोंदीच्या फोटोसाठी मात्र उत्खनन करणाऱ्यांना सगळीकडे सारखी सावली हवी असते. ते छत्री धरतात तेव्हा कटकट न करता बाजूला हो. मोजपट्टी, उत्तर दिशा दाखवणारा बाण ‘फ्रेममध्ये खुपतात’ म्हणून काढायला सांगू नकोस.

लेन्स तंबूत किंवा गाडीत बदल. धूळ आधी ब्लोअरने उडव, मग कापड. उलट केलंस तर काचेवर ओरखडे. फायलींमधलं जीपीएस बंद ठेव, नाहीतर जागेचा पत्ता वस्तू चोरणाऱ्यांना आयता मिळेल.

आणि उद्या पोचलास की पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्यांची घड्याळं त्यांच्या नोंदवहीच्या वेळेशी जुळव. स्लेटवर, म्हणजे दृश्याआधी दाखवायच्या पाटीवर, दृश्यक्रमांकाबरोबर चराचा आणि थराचा क्रमांक लिही. रोज संध्याकाळी कार्ड रिकामं करण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती कर आणि दोन्ही उघडून बघ. दिग्दर्शकाला आज रात्रीच सांगून टाक, मण्याचं दृश्य होणार नाही.

तुझा,
एक जुना कॅमेरावाला