पोरक्या गोऱ्ह्याला सोबत हवी

पौड, ता. मुळशी

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. वसुबारसेला ओवाळायला वासरू होतं आणि गाय नव्हती, हे तू एका ओळीत लिहिलंस. आजीने ती सांज कशी काढली असेल, ते मला कळतं.

गाय व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी गेली, म्हणजे चीक, ते पहिलं घट्ट दूध, गोऱ्ह्याच्या पोटात गेलाय. ही मोठी गोष्ट आहे. पहिला दिवस उलटला की चिकातलं रोगाशी लढायचं बळ वासराच्या आतड्याला घेता येत नाही, आणि चिकाविना राहिलेलं वासरू जगवणं फार अवघड.

आता बाटलीचं. फोटोत तू त्याला मांडीवर आडवं घेऊन, तोंड वर करून पाजते आहेस. तसं पाजू नकोस, दूध श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो. त्याला उभं राहू दे, बाटली गाईच्या कासेच्या उंचीला धर, मान पुढे ताणली जाऊ दे. वासरू असं चोखतं तेव्हा पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध पहिला कप्पा टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. निपल उलटी केल्यावर थेंब थेंब पडावेत, धार लागू नये. दूध 38-39 अंश, म्हणजे मनगटावर जेमतेम कोमट लागेल इतकं. त्याचं वजन 25 किलो धरलं तर दिवसाला अडीच लिटर, तीन वेळा विभागून. प्रेमापोटी जास्त पाजलंस की हगवण लागलीच म्हणून समज. लागली तर दूध तोडू नकोस, मधल्या वेळात ओआरएस दे. डोळे खोल गेले किंवा तोंडात बोट घातल्यावर आत गार लागलं, तर सकाळची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना किंवा 1962 या सरकारी पशुवैद्यकीय नंबरला फोन कर. जंताचं औषध डॉक्टरांना विचारूनच.

एवढं तू सांभाळशील. मला काळजी आहे ती तुझ्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाची. तो रात्री हंबरतो म्हणून तू डोणज्याला आजीच्या गोठ्यात त्याच्याशेजारी झोपतेस, आणि तो तुझी ओढणी चोखत झोपी जातो.

पोरी, मीही एक गोऱ्हा असाच एकट्याने वाढवला होता. घरातली मुलं त्याच्या कपाळाला तळहात लावून रेटायची, तो रेटा परत द्यायचा, आम्ही कौतुकाने बघायचो. दीड वर्षाचा झाल्यावर त्याने माझ्या वडिलांना गव्हाणीशी दाबलं. दोन बरगड्या मोडल्या. तो मारका नव्हता. त्याने आयुष्यात दुसरं जनावर पाहिलंच नव्हतं, त्याच्या लेखी आम्हीच त्याचा कळप होतो, आणि कळपातल्या बैलाशी बैल वागतो तसा तो वागला. त्याला द्यावं लागलं. ती चूक माझी होती, अजून सलते. तुझा तर खिल्लार जातीचा आहे, अंगात पाणी आहे त्याच्या. कपाळाशी खेळ आजपासून बंद. खाजवायचंच तर मानेखाली खाजव.

त्याला दुसरं वासरू हवं. साधारण त्याच वयाचं. शेळीचं करडू चार दिवस चालेल, पण ते त्याला गुरासारखं वागायला शिकवणार नाही. भाकड गाय मायाळू असली तर चालते, नाहीतर लाथा घालते. बाजारातून आणू नकोस. दिवसभर उपाशी उभं राहिलेलं वासरू हगवण, गोचीड, गजकर्ण घेऊनच येतं.

पुढच्या खेपेला मी दोन वासरं एकत्र ठेवली. तिसऱ्या रात्री हंबरणं थांबलं. एकाच्या मानेवर दुसऱ्याची मान, आणि अंधारात नुसता चाटण्याचा खरखरीत आवाज. खुराकालाही तोंड लवकर लागलं, कारण एकाने चाटला की दुसरं डोकं खुपसतं. त्याच्यापुढेही मूठभर खुराक आणि स्वच्छ पाणी कायम असू दे. पहिला कप्पा खुराकानेच तयार होतो, दुधाने नाही. दूध तीन महिन्यांच्या आसपास तोडायचं, तेही रोज पाऊण-एक किलो खुराक खायला लागल्यावरच.

एक त्रास मात्र होतो. दूध संपल्यावर चोखायची ओढ राहते, मग दोघं एकमेकांचे कान, बेंबी चोखतात. त्यात एक कालवड, म्हणजे मादी वासरू, असली आणि तिची कास चोखली गेली तर पुढे सड बिघडतात. म्हणून पाजल्यावर अर्धा तास दोघांना वेगळं बांध आणि तोंडात चिमूटभर खुराक दे. शिवाय सहा-सात महिन्यांची झाली की दावण कायमची वेगळी, नाहीतर कालवड अवेळी गाभण राहील.

माझ्याकडे तीन आठवड्यांची कालवड आहे, तिच्या आईला यंदा दूध बेताचंच आहे. रविवारी टेम्पोने घेऊन येतो. तोवर गोठ्यात मधे बांबूची आडवी ताटी घाल, नाकाला नाक लागेल एवढी फट ठेवून. पहिले दोन-तीन दिवस तिच्या पलीकडूनच. आणि उद्या दूधवाल्याबरोबर कालवडीच्या अंगाखालचं गोणपाट पाठवतोय. रात्री ओढणीच्या जागी ते ठेव, आणि तू घरात जाऊन झोप.

तुझा,
काका